दोन सेशन झाली तरी डोळे हलवलेच नाहीत, म्हणजे फसवणूक का? ईएमडीआरबद्दल सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. धाकटा भाऊ, वय २९. दीड वर्षापूर्वी रात्री बोरघाटात त्याच्या गाडीला मागून ट्रेलरने ठोकलं, गाडी तोच चालवत होता, शेजारी बसलेला जवळचा मित्र जागीच गेला. तेव्हापासून भाऊ स्टिअरिंगला हात लावत नाही, दुसऱ्याच्या गाडीतसुद्धा पुढे बसत नाही, ट्रकचा एअर ब्रेक वाजला की अंग ताठ होतं, रात्री तीनला दचकून उठतो, आणि मित्राच्या घरून फोन आला तर उचलत नाही. सायकियाट्रिस्टच्या गोळ्यांनी थोडा फरक पडला, मग त्यांनीच ईएमडीआर म्हणजे ती डोळ्यांच्या हालचालींची थेरपी सुचवली. आता दोन सेशन झाली पण थेरपिस्टने अजून बोटसुद्धा हलवलेलं नाही, नुसतं बोलणं, फॉर्म भरणं आणि श्वासाचे प्रकार, फी मात्र पूर्ण. आई म्हणते हे संमोहन आहे, नको. भाऊ म्हणतो यूट्यूबवर तो इकडून तिकडे जाणारा ठिपका फुकट आहे, मी घरीच करतो.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, ट्रॉमाचं काम बरीच वर्षं करतेय, ईएमडीआर वापरते आणि दुसऱ्या पद्धतीही वापरते. तुम्ही विचारलंय "याचा उपयोग होतो का", पण मला वाटतं तुम्हाला खरं टोचतंय ते हे की जे चाललंय ते बरोबर चाललंय का आणि किती दिवस विश्वास ठेवायचा. तर तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून बरोबर चाललंय. पहिल्याच भेटीत, माणसाची नीट चौकशी न करता, "चला, तो अपघात डोळ्यासमोर आणा" म्हणून बोटं हलवायला लागणारा थेरपिस्ट भेटला असता तर मी तुम्हाला लगेच तिथून उठा म्हटलं असतं.

अर्थात मी तुमच्या भावाला बघितलेलं नाही. हा पीटीएसडी आहे, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मागे लागणारा मनाचा आजार, की मित्र गेल्याचं दुःख अडकून बसलंय, की सोबत डिप्रेशन आहे, की थोडं थोडं सगळंच आहे, ते समोर बसून ठरवावं लागतं, आणि पुढचं बरंच काही त्यावर अवलंबून असतं. एकच घटना, मोठ्या वयात घडलेली, त्याआधी आयुष्य बऱ्यापैकी ठीक, अशांना साधारण लवकर गुण येतो. लहानपणापासून घरात मारहाण, छळ, दुर्लक्ष असलं की त्यावर अपघात हा वरचा थर असतो, मग कामाला महिने जातात, कधी त्याहून जास्त. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांमधे ईएमडीआरसाठी साधारण ८ ते १२ सेशन धरलीयेत, गरज असेल तर जास्त. म्हणजे तुमची दोन झालीत हे काहीच उशीर नाहीये.

आता त्या "नुसत्या गप्पां"बद्दल. या पद्धतीचे आठ टप्पे आहेत आणि डोळे हलवण्याचं काम चौथ्या टप्प्यात सुरू होतं. पहिल्यात सगळा इतिहास घेतात, झोप, दारू, आधीचे आजार, फिट्स येतात का, डोळ्यांचं काही ऑपरेशन झालंय का, आत्महत्येचे विचार येतात का, आणि बोलता बोलता मधेच सुन्न होतो का, म्हणजे समोर बसलेला असतो पण तिथे नसतो असं काही होतं का. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण असा माणूस आठवणीत शिरला की परत यायला त्याला फार त्रास होतो, आणि ते आधी माहीत नसेल तर सेशनमधे त्याची हालत खराब होते. ते फॉर्म बहुतेक याचसाठी होते. दुसऱ्या टप्प्यात तयारी. त्यात एक शांत जागा मनात पक्की करून घेतात, कोणी आजोळचं अंगण सांगतं, कोणी दिवेआगरचा किनारा, एका पेशंटने एसटी वर्कशॉपमधला आपला चहाचा कोपरा सांगितला होता. ती जागा निवडतानासुद्धा बघावं लागतं, कारण तुमच्या भावाने समजा तोरण्यावरचा मुक्काम निवडला आणि तिथे तो त्याच मित्राबरोबर गेलेला असेल, तर ती जागा शांत राहणार नाही. मग एक मजबूत झाकणाची पेटी मनात तयार करायला शिकवतात, सेशन संपताना जे उरलं असेल ते पुढच्या वेळेपर्यंत त्यात ठेवायचं. आणि थांबायची खूण ठरवतात, हात वर केला की थेरपिस्टने लगेच थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही.

हे ऐकायला पोरखेळ वाटतो हे मला माहितीये, भावालाही वाटत असणार. पण अपघातात त्याच्या हातात काहीच उरलं नव्हतं, आणि उपचारात आपण त्याला परत त्याच क्षणापाशी नेणार आहोत, त्यामुळे या वेळी लगाम त्याच्या हातात आहे हे त्याच्या शरीराला आधी पटायला लागतं. हे पटल्याशिवाय पुढे गेलेल्या केसेसमधे माणसं तिसऱ्या-चौथ्या भेटीला येणं बंद करतात आणि वर "मी ते करून बघितलं, माझ्यावर चालत नाही" असं आयुष्यभर सांगत राहतात, हे मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

पुढे काय होईल तेही सांगते म्हणजे दचकायला नको. थेरपिस्ट त्याला त्या आठवणीतलं सगळ्यात वाईट चित्र निवडायला सांगतील. ते चित्र आठवलं की स्वतःबद्दल काय वाटतं ते एका वाक्यात, बहुतेकांचं असतं "माझ्यामुळे झालं" किंवा "मी आत्ता मरणार". त्याऐवजी काय वाटायला हवंय ते दुसरं वाक्य, आणि ते आत्ता किती खरं वाटतं ते १ ते ७ मधे. मग त्रास किती, ० ते १० मधे. आणि शरीरात कुठे, छातीत, घशात, पोटात. हे झालं की चित्र, वाक्य आणि शरीरातली ती जागा एकत्र मनात धरून त्यांच्या बोटांकडे बघत डोळे डावी-उजवीकडे न्यायचे, डोकं स्थिर. साधारण पंचवीस-तीस फेऱ्या, म्हणजे जेमतेम अर्धा मिनिट. मग "थांबा, श्वास घ्या, आता काय येतंय?" तो जे म्हणेल त्यावर चर्चा नाही, सल्ला नाही, "त्याच्याबरोबर रहा" एवढंच, आणि पुढचा सेट. असं चालू राहतं. सेशन साठ ते नव्वद मिनिटांचं असतं. डोळ्यांना त्रास होत असेल तर हातावर किंवा गुडघ्यावर आळीपाळीने टॅपिंग करतात.

आपल्याकडच्या लोकांसाठी यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे सगळं तपशीलात सांगावं लागत नाही. काही पेशंट असे असतात की त्यांनी त्या रात्रीबद्दल घरात, पोलिसात, नातेवाईकांत इतक्या वेळा सांगितलेलं असतं की तोंड उघडवत नाही, आणि काहींना बोलायची लाज असते. त्यांनी "चित्र बदललं", "आता राग येतोय", एवढं सांगितलं तरी काम पुढे जातं.

एका पेशंटचं सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय. त्याच्याही अपघातात सोबतचा माणूस गेला होता. त्याचं वाक्य होतं "मी काहीच केलं नाही, नुसता बघत बसलो". काही सेटनंतर तो एकदम म्हणाला, अहो, १०८ला फोन मीच लावला होता, आणि त्याचा हात अँब्युलन्स येईपर्यंत माझ्या हातात होता. आता हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, पोलिस जबाबात त्याने स्वतःच सांगितलेलं होतं. पण ते चित्र आठवलं की ही माहिती कधी सोबत यायचीच नाही, ते चित्र आपलं एकटंच यायचं, आवाजासकट, डिझेलच्या वासासकट. त्या दिवशी ती दोन एकमेकांना जोडली गेली. ही पद्धत शोधणाऱ्या शापिरो बाईंनी जी थिअरी मांडली ती हीच, की धक्क्याच्या वेळची आठवण बाकीच्या माहितीपासून तुटून, जशीच्या तशी साठते आणि उपचारात ती परत जोडली जाते. थिअरी शंभर टक्के सिद्ध झालीये असं मी म्हणणार नाही, पण समोर बसून बघताना जे दिसतं त्याचं हे वर्णन मला जवळचं वाटतं.

तुमच्या भावाचा गाभा पण हाच असणार असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं, मित्राच्या घरचा फोन न उचलणं हे मला झोपेपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटलं. घरचे त्याला वारंवार सांगत असतील, "अरे मागून ट्रेलरने ठोकलं, तुझी काय चूक?" त्याला ते डोक्याने पटतं. पोटात पटत नाही. तिथे "मी लेन बदलली नसती तर", "आम्ही लोणावळ्याला चहाला थांबलो असतो तर" हेच चालू असतं. वाद घालून हे जात नाही, उलट त्याला वाटतं यांना कळतच नाहीये. म्हणून त्याची समजूत काढणं थोडे दिवस थांबवा. हे पण स्पष्ट सांगते की ईएमडीआरने आठवण पुसली जात नाही आणि मित्राचं दुःख पण संपत नाही, संपूही नये. बदलतं ते हे की आठवण आली की शरीर परत त्या रात्री जात नाही. आणि दुःखाला वाट मिळते, म्हणजे काही जण आधी नुसते घाबरलेले असतात आणि उपचारानंतर पहिल्यांदा मनापासून रडतात. घरच्यांना ते बिघडल्यासारखं वाटतं. बहुतेक वेळा ते बिघडणं नसतं.

आईंना सांगा की हे संमोहन नाही. तो पूर्ण जागा असतो, डोळे उघडे, एक पाय आठवणीत आणि एक पाय त्या खोलीत, हवं तेव्हा थांबू शकतो. त्याच्या मनात कोणी काही भरत नाही, उलट चांगला थेरपिस्ट या कामात फार कमी बोलतो. आईंनी दृष्ट काढली, देवाला नवस बोलला तर त्याला माझी काही हरकत नाही, फक्त "त्याऐवजी" असं होऊ देऊ नका.

आता उपयोग होतो का याबद्दल. फ्रान्सिन शापिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंना १९८७ मधे बागेत चालताना जाणवलं की त्रासदायक विचार येत असताना आपले डोळे भराभर हलतायत आणि विचारांची धार कमी होतेय, त्यांनी ते पेशंटवर करून १९८९ मधे पहिला अभ्यास छापला. सुरुवातीला या प्रकाराची बरीच टर उडवली गेली, आणि काही प्रश्न रास्तही होते. पण पुढे नीट चाचण्या झाल्या, आणि २०१३ मधे जागतिक आरोग्य संघटनेने पीटीएसडीसाठी मोठ्यांना आणि मुलांनाही ज्या मानसोपचारांची शिफारस केली त्यात ट्रॉमावर केंद्रित सीबीटी (म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी बोलण्याची थेरपी) आणि ईएमडीआर ही दोन नावं आहेत. भारतात हे जास्त करून २००१च्या भूज भूकंपानंतर आलं, तेव्हा बाहेरून आलेल्या प्रशिक्षकांनी इथल्या थेरपिस्टना शिकवलं आणि तिथून पसरत गेलं.

वाद उरलाय तो डोळ्यांवरून. २००१च्या एका मोठ्या आढाव्यात डोळे न हलवता केलं तरी फरक तेवढाच पडतो असं निघालं, २०१३च्या दुसऱ्या आढाव्यात डोळ्यांच्या हालचालीने थोडी जास्त भर पडते असं निघालं. मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजू जुळतात वगैरे जे इन्स्टाग्रामवर ठामपणे सांगतात ते सिद्ध नाही. मला सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण नेदरलँड्समधल्या संशोधकांच्या कामातून येतं: एका वेळी मनात धरता येईल एवढी जागा मर्यादित असते, आठवण आणि हलणारी बोटं दोन्ही सांभाळताना आठवणीला पूर्ण जागा मिळत नाही, ती फिकट होते आणि तशीच फिकट परत साठते. गंमत म्हणजे प्रयोगशाळेत मनातल्या मनात उलटे आकडे मोजणं किंवा व्हिडिओ गेम खेळणं यानेही असाच परिणाम दिसलाय. म्हणून मी पेशंटना बोटांमधे काही जादू आहे असं कधी सांगत नाही. आणि ट्रॉमावरच्या चांगल्या सीबीटीचे निकाल साधारण याच्याच तोडीचे आहेत, तुमच्या गावात ईएमडीआरवाला नसेल आणि ती करणारा अनुभवी माणूस असेल तर खुशाल तिकडे जा, फक्त त्यात घरी करायचा अभ्यास जास्त असतो आणि बोलायला जास्त लागतं.

यावरूनच यूट्यूबच्या ठिपक्याचं उत्तर येतं. ठिपका धोकादायक नाही, ठिपक्यासमोर एकट्याने बसून तो अपघात पूर्ण आठवणं धोकादायक आहे. आठवण उघडणं सोपं असतं, मधेच ती एकदम मोठी झाली, किंवा अपघातावरून दुसरीच कुठली जुनी गोष्ट वर आली, की थांबवणारं, वेग बदलणारं, परत खोलीत आणणारं कोणी नसतं. रात्री अकराला खोलीचं दार लावून हे करून मग चार दिवस न झोपलेली माणसं माझ्याकडे येतात. त्याला घरी काहीतरी करायचंच असेल तर थेरपिस्टने शिकवलेली शांत जागा रोज पाच मिनिटं करू दे. दोन्ही हात छातीवर फुलपाखरासारखे आडवे ठेवून आळीपाळीने हलकेच थोपटायचा प्रकार आहे, तो १९९० च्या दशकात मेक्सिकोत वादळग्रस्त मुलांबरोबर काम करताना निघाला, तो मन शांत करायला वापरता येतो, पण अपघात आठवत नाही, शांत जागा आठवत.

गोळ्यांबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय की सेशन सुरू झाली तर बंद कराव्यात का. नाही. सर्ट्रालिनसारखी डिप्रेशन-घबराटीवरची रोजची गोळी चालू असताना ईएमडीआर व्यवस्थित करता येतं. क्लोनाझेपामसारखी झोपेची किंवा घबराटीची गोळी चालू असेल तर ती थेरपिस्टला सांगा, कारण जास्त डोसवर पेशंट इतका बधिर असतो की काम पुढे सरकत नाही असा माझा अनुभव आहे, पण ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करणं खरंच धोक्याचं आहे, फिट येऊ शकते. कमी करायची की नाही हे सायकियाट्रिस्टच ठरवतील, हळूहळू. आणि दारू. भाऊ झोपेसाठी घेत असेल तर ते घरच्यांपासून लपवलं तरी चालेल, थेरपिस्टपासून नको.

सेशनच्या दिवशी तुम्ही काय करायचं ते सांगते. दुपारनंतरची वेळ घ्या म्हणजे परत ऑफिसला जायचं नाही. कोणीतरी सोबत जा, येताना तो मागेच बसणार असेल तर बसू दे, आज पुढे बस म्हणून आग्रह नको. घरी आल्यावर "काय काय विचारलं?" हा प्रश्न कोणीही विचारायचा नाही, आत्यानेसुद्धा नाही. जेवण, आंघोळ, झोप. पुढचे दोन-तीन दिवस विचित्र स्वप्नं, चिडचिड, अचानक आठवलेले तुकडे हे सगळं येऊ शकतं, त्याने दोन ओळी लिहून ठेवायच्या आणि पुढच्या वेळी न्यायच्या. पण आठवड्यानंतरही त्रास चढताच असेल, किंवा तो जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेरपिस्ट आणि सायकियाट्रिस्ट दोघांना लगेच कळवा. रात्री-अपरात्री कोणी मिळालं नाही तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि धोका समोर दिसत असेल तर त्याला एकटं न सोडता सरळ हॉस्पिटलला न्या.

थेरपिस्टला काय विचारायचं हेही तुम्ही विचारलंय. मूळ शिक्षण काय, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, ईएमडीआरचं प्रशिक्षण पूर्ण झालंय का आणि त्यात देखरेखीखाली केसेस केल्यात का, हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही, मला कोणी विचारलं तर मला बरंच वाटतं. दोन दिवसांचं ऑनलाइन सर्टिफिकेट पुरेसं नाही. भावाने पुढच्या भेटीत एवढं जरूर विचारावं की "आपण आत्ता कुठल्या टप्प्यावर आहोत आणि पुढे जायला माझ्यात काय दिसायला हवं?" याचं साधं, सरळ उत्तर मिळालं तर फी योग्य ठिकाणी जातेय. पाच-सहा भेटींनंतरही नुसतीच तयारी चालू असेल आणि का ते सांगता येत नसेल, तर दुसरं मत घ्या.

एक गोष्ट मात्र सेशन पुढे जायच्या आधीच करा. ट्रेलरच्या ड्रायव्हरवर केस असेल किंवा मोटार अपघात न्यायाधिकरणात क्लेम चालू असेल, आणि भावाची साक्ष व्हायची असेल, तर ते थेरपिस्टना आणि वकिलांना दोघांनाही सांगा. या कामानंतर चित्र फिकट होतं, तपशिलांचा क्रम सांगताना पूर्वीसारखा आवाज कापत नाही, आणि उलटतपासणीत समोरचा वकील यावरूनच प्रश्न काढू शकतो. यासाठी उपचार थांबवायची गरज सहसा पडत नाही, जबाब आधी सविस्तर लिहून झालेला असला की पुरतं, पण ते वकिलांशी बोलून ठरवा. तारीख जवळ असेल तर थेरपिस्ट तोवर तयारीचं आणि झोपेचंच काम करतील आणि त्या रात्रीला साक्षीनंतर हात घालतील.

भाऊ तिसऱ्या सेशनला जाऊन आला की इथेच लिहा, मी बघते.